डाव्या कानामागची जागा

दातांवर लाकूड टेकलं की एक बारीक, कोरडा आवाज होतो. वाळलेल्या शेंगेत बी हलावं इतकाच. माघ सरत आला, ऊन पांढुरकं होऊ लागलं आणि नगरच्या माळावरचा वारा खिडक्यांच्या फटींतून धूळ आत आणून टाकू लागला, की हा आवाज मला हमखास ऐकू येतो, आणि त्याच्यामागोमाग गयाबाईचा चेहरा येतो. सावळा, रुंद कपाळाचा, किंचित उजवीकडे कललेला. त्या बाजूनं कुणीतरी आत्ता काही सांगेल, अशी एक शांत, सवयीची प्रतीक्षा त्या चेहऱ्यावर कायमची मुक्कामाला आलेली होती. तिला शेवटचं पाहिलं त्याला आता कितीतरी वर्षं झाली.

मी त्या वेळी नगरच्या एका लहानशा कान-नाक-घशाच्या इस्पितळात, शस्त्रक्रियेच्या खोलीची सिस्टर होते. नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. हाताला चपळ आणि तोंडाची फटकळ, अशी माझी ख्याती. डॉक्टर मवाळ स्वभावाचे. ते चार वाक्यांत जे समजावून सांगायचे ते मी घरी जाणाऱ्या पेशंटला दोन शब्दांत बजावायची. "पाणी लावायचं नाही म्हणजे नाही. कळलं?" असं मी डोळे वटारून म्हटलं की पारनेर-कोपरगावकडची आडदांड माणसंसुद्धा मान खाली घालून "व्हय बाई" म्हणायची. लोक डॉक्टरांपेक्षा मला जास्त भ्यायचे, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान होता.

गयाबाई आणि रंगनाथ पहिल्यांदा आले ते दसऱ्याच्या सुमारास. पारनेरच्या पलीकडच्या एका वाडीतलं हे बौद्ध जोडपं. तो खडी फोडायच्या यंत्रावर मजुरीला, ती दुसऱ्यांच्या रानात खुरपायला. दोघांची पन्नाशी जवळ आलेली, मूलबाळ नाही. बाहेरच्या बाकावर ती दोघं बसली होती आणि अख्खा व्हरांडा त्यांच्याकडे टकामका पाहत होता. कारण रंगनाथनं वीतभर लांबीची एक लाकडी दांडी स्वतःच्या दातांत धरली होती, तिचं दुसरं टोक बायकोच्या उजव्या कानामागच्या हाडावर टेकवलं होतं, आणि डोळे अर्धवट मिटून तो हळूहळू, दातांतल्या दातांत, तिला काहीतरी सांगत होता. बायका पदर तोंडाशी धरून खुसखुसत होत्या. मीही हसले होते. "काय हो, पानसुपारी खाऊ घालताय का बायकोला?" असं म्हणालेसुद्धा. त्यानं दांडी काढली, सदऱ्याला पुसली आणि ओशाळून म्हणाला, "न्हाई बाई. तुमी कवा बोलावनार, त्ये सांगत हुतो."

गयाबाईचे दोन्ही कान लहानपणापासून वाहणारे. गोवरानंतर सुरू झालेलं ते पाणी कधी आटलंच नाही. त्यात घरच्यांनी वर्षानुवर्षं कोमट तेल ओतलेलं. लग्न झालं तेव्हा तिला थोडंबहुत ऐकू यायचं. पुढं तेही गेलं, आणि बारा वर्षं ती एका कापसासारख्या दाट शांततेत राहिली. मग एके दिवशी अंगणात रंगनाथ बाज विणायला बसला होता. दोन्ही हातांत सुंभ, म्हणून ते आवळायची दांडी त्यानं दातांत धरलेली. समोरून सुंभ ओढायला गयाबाई वाकली, तिचं डोकं दांडीच्या टोकाला लागलं, आणि नेमकं त्याच वेळी तुटलेल्या सुंभावर वैतागून त्यानं दातांतल्या दातांत एक शिवी हासडली. गयाबाई ताडकन सरळ झाली आणि म्हणाली, "शिवी कुनाला दिली?" बारा वर्षांनी कानावर आलेला पहिला शब्द असा. रंगनाथ ही हकीकत सांगताना हसायचा, आणि हसता हसता त्याला खोकला लागायचा.

त्या दिवसापासून ती दांडी त्यांच्या घरातलं तिसरं माणूस झाली. चुलीच्या उजव्या हाताला त्याची बसायची जागा, म्हणून उजव्या कानामागचं हाड त्याचं. तिथं टोक टेकवून तो रोज संध्याकाळी तिला दिवसभराचा वृत्तांत द्यायचा. पारनेरच्या बाजारात कांदा काय भावानं गेला, एसटी कुठं बंद पडली, बौद्धवाड्यातल्या कुणाच्या पोरीचं लग्न ठरलं, आभाळ कुठल्या अंगाला भरून आलंय. प्रेमाचं असं काही तो बोलत असेल, असं मला वाटत नाही. पण दिवस मावळताना एका माणसानं दुसऱ्याच्या अस्थींना टेकून जगाची बातमी द्यावी, यापरतं दुसरं प्रेम मला तरी ठाऊक नाही. दांडीचं एक टोक दातांनी चावून चावून काळं पडलं होतं आणि दुसरं तिच्या केसांच्या तेलानं गुळगुळीत झालं होतं.

डॉक्टरांना हे पाहून काय आनंद झाला म्हणून सांगू! ते नुकतेच परदेशातल्या एका इस्पितळात काही महिने शिकून परतले होते. येताना तिथल्या गुरूंनी भेट दिलेले टायटॅनियमचे दोन चिमुकले स्क्रू आणि काडेपेटीएवढं एक यंत्र त्यांनी जपून आणलं होतं. कानामागच्या हाडात स्क्रू बसवायचा, हाड त्याला धरून वाढेपर्यंत थांबायचं, मग त्यावर यंत्र लावायचं. वाहत्या कानाची वाट सोडून नाद थेट हाडातून आतल्या कानाला पोचतो. "यांनी हे आधीच शोधून काढलंय, सिस्टर," ते मला म्हणाले. "आपण फक्त दांडी हाडात पक्की बसवायची." तिचा आतला कान धडधाकट होता, वाट तेवढी बुजलेली. मी स्वतः फोर्क, म्हणजे तो दोन पायांचा पोलादी चिमटा, वाजवून आधी उजव्या आणि मग डाव्या कानामागं टेकवला. दोन्ही वेळा तिनं बोट वर केलं. दोन्ही वेळा. हे मी माझ्या हातानं कागदावर लिहिलं, आणि विसरून गेले.

डॉक्टरांनी खुणेनं विचारलं, कुठल्या बाजूला बसवायचा? तिनं उजव्या कानामागं तळवा ठेवला. तिथंच तर तो बोलायचा.

कागदावर अंगठा उठवून झाल्यावर रंगनाथ मला एकटीला गाठून म्हणाला, "बाई, माझी छाती काय बरी न्हाई. धूळ बसलीया आत. म्या किती दिस पुरनार? माझ्यामागं हिच्याशी कोन बोलनार, सांगा. त्येवढं हिचं मशीन बसू द्या." मी फटकन म्हणाले, "काही होत नाही तुम्हाला, उगाच अभद्र बोलू नका." पण इतकी वर्षं इस्पितळात काढलेली मी, त्याच्या श्वासातली ती करकर मला कळत होती. खरं तर त्याला घाई होती, आणि हाड घाईला बधत नाही.

दिवाळी उलटल्यावर पहिली शस्त्रक्रिया झाली. त्या सकाळचं ऊन आमच्या खोलीच्या दुधी काचांतून गाळून आल्यासारखं पडलं होतं. जागा तेवढीच बधिर केलेली, म्हणून गयाबाई टक्क जागी होती. डॉक्टरांनी कानाच्या भोकापासून मागं अंतर मोजून शाईचा ठिपका दिला, कातडी उलगडली, आणि हस्तिदंतासारखं फिकट हाड दिसू लागलं. माझं काम पाणी घालायचं: ड्रिलच्या टोकावर थंड सलाईनची धार, एक क्षणही न तुटता. हाड तापलं की मरतं, आणि मेलेलं हाड स्क्रूला धरत नाही. डॉक्टर थोडं खोदायचे, थांबायचे, बोथट सळईनं तळ चाचपायचे; खाली हाड आहे की मेंदूचं आवरण, हे त्यांच्या बोटांनाच कळायचं. मग स्क्रू. त्याला हातमोज्यानंही शिवायचं नाही, दुसऱ्या धातूनं तर नाहीच. त्याच्याच धातूच्या चिमट्यानं उचलून, घड्याळाला किल्ली द्यावी तसा सावकाश आत फिरवायचा. ड्रिल सुरू झालं तेव्हा मला वाटलं ही बाई घाबरेल. तर ती चक्क हसली. "लई मोठ्यानं बोलतंय की!" ती पुटपुटली. आवाज तिचा नेहमीच हळू, कारण स्वतःचं बोलणं तिला स्वतःच्या हाडांतून घुमून ऐकू यायचं. आम्हाला जो नुसता घरघराट, तो तिच्यासाठी बारा गावच्या जत्रेइतका गजबजलेला असला पाहिजे.

स्क्रू कातडीखाली झाकून टाकला. आता चार महिने थांबायचं. घरी जाताना डॉक्टर मला म्हणाले, "त्यांना सांगा सिस्टर, उजव्या बाजूला दाब पडता कामा नये." त्यांचे शब्द एवढेच होते. उजव्या बाजूला. आणि मी, दोन शब्दांत बजावणारी, मी काय केलं? रंगनाथच्या खिशातून डोकावणारी दांडी उपसून काढली, गयाबाईच्या डोळ्यांपुढं नाचवली आणि जोरजोरात मान हलवली. मग त्याच्याकडे वळून म्हणाले, "आता दांडी बंद. चार महिने हात लावायचा नाही. लावलीत तर स्क्रू हलेल, सगळी मेहनत पाण्यात. कळलं?" त्यानं दोन्ही हात जोडले. "व्हय बाई. बंद म्हंजी बंद." दांडी त्यानं रुमालात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवली. गयाबाईनं त्या पिशवीकडे एकदा पाहिलं आणि आपला कललेला चेहरा सरळ केला.

ते चार महिने मला ती दोघं एकदाही आठवली नाहीत. मी माझ्या व्यापात होते; दुसरे कान, दुसरे घसे, दुसऱ्या सूचना. आता मात्र तो हिवाळा, न पाहिलेला असूनही, मला पाहिल्यासारखा दिसतो. ज्वारीची कणसं भरत आलेली, बांधावरची बोरं पिकून गळणारी, अंगणात त्याच बाजेवर तो उन्हाला बसलेला. चुलीच्या उजव्या हाताची जागा, तिथं बसणारा माणूस आणि त्याच्या ओठांची हालचाल, सगळं जागच्या जागी. फक्त मधलं वीतभर लाकूड माझ्या एका शब्दाखातर रुमालात बांधून ठेवलेलं. दोघांनी माझी आज्ञा व्रतासारखी पाळली. कातडीखाली हाड कणाकणानं त्या स्क्रूला मिठी घालत होतं, आणि तिकडे त्याच्या छातीत धूळ तितक्याच शांतपणे आपलं काम उरकत होती.

फाल्गुनात गयाबाई एकटी आली. मी खुणेनं विचारलं, मालक कुठं? तिनं उघडा तळहात वर केला आणि हळूच मिटला. मला वाईट वाटलं; पण इतकंच, की बिचाऱ्याला हा दिवस बघायला मिळाला नाही. दुसरी शस्त्रक्रिया झाली. स्क्रू हाडात दगडासारखा घट्ट बसला होता. डॉक्टरांनी त्याच्याभोवतीची कातडी पातळ केली, केसांची मुळं काढून टाकली, आणि धातूची ती बारीक खुंटी बाहेर आली. त्या रुपयाएवढ्या जागेवर पुन्हा कधी केस उगवणार नव्हते. तीन आठवड्यांनी, जखम सुकल्यावर, डॉक्टरांनी खुंटीवर यंत्र चढवलं. कट् असा आवाज झाला आणि गयाबाईनं श्वास रोखला.

पंख्याची करकर, रस्त्यावरच्या टेम्पोचा भोंगा, ट्रेमध्ये ठेवलेल्या माझ्या कात्रीचा खणखणाट. एकेका आवाजाकडे ती वळून वळून पाहत होती. डॉक्टरांनी विचारलं, "ऐकू येतंय का, गयाबाई?" ती म्हणाली, "व्हय." आणि मग आपण होऊन, त्या हळू आवाजात, मांडीवरच्या पिशवीवरून हात फिरवत सांगू लागली.

"मरायच्या आदल्या दिशी त्यो बाजंवर निजला हुता. उनात. दुपारच्याला त्यानं दांडी काडली रुमालातनं. दातात धरली. मला हात केला, ये म्हनून. म्याच म्हनलं, नगं. बाईंनी बंद केलीया. महिनाच ऱ्हायलाय आता, मग काय बोलायचं त्ये बोल. त्यो हसला. दांडी उशाखाली ठिवली. दुसऱ्या दिशी सकाळी ग्येला. काय सांगनार हुता, कुनास ठावं."

डावी बाजू! डाव्या कानामागची जागा पूर्ण मोकळी होती, कोरी होती. तिथं टेकवली असती दांडी तर काहीही बिघडलं नसतं. दोन्ही बाजूंना ऐकू येतं हे मी माझ्या हातानं तपासलं होतं. "उजव्या बाजूला" एवढे दोन शब्द मी गाळले, कारण मला थोडक्यात बोलायची हौस होती, आणि त्या दोघांना दुसरी बाजू सुचली नाही, कारण बाईंनी बंद म्हणजे बंद सांगितलं होतं. डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग ते बेसिनकडे वळले आणि बराच वेळ हात धूत राहिले. त्या विषयावर ते माझ्याशी कधी बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

खुंटीभोवतीची कातडी तपासून घ्यायला गयाबाई दर दोन-तीन महिन्यांनी यायची. मऊ ब्रशनं ती जागा कशी साफ करायची ते मी तिला शिकवलं होतं. ती मन लावून करायची, एकदाही तिथं पू झाला नाही. यंत्राचं कौतुकही करायची. पाखरं ऐकू येतात म्हणायची, विहारातलं त्रिशरण ऐकू येतं म्हणायची. "पर घरात बोलतं कोन?" असंही एकदा म्हणाली, तक्रारीचा सूर नव्हताच त्यात. दर वेळी मी ठरवायची, आज सांगू. आणि दर वेळी "ब्रश रोज फिरवायचा, कळलं?" एवढंच बजावून तिला घरी पाठवायची.

दुसऱ्या वर्षीच्या माघात ती आली ती शेवटची. तपासणी झाली. खोलीत आम्ही दोघीच. तिनं पिशवीतून रुमाल काढला, सोडला आणि दांडी माझ्यापुढं धरली. "बाई, जरा ही दातात धरा."

"कशाला गं?"

"धरा की. मला येक बघायचंय."

तिनं उजव्या कानामागचं यंत्र काढून मांडीवर ठेवलं. आता ती पुन्हा तिच्या जुन्या शांततेत होती. दांडीचं काळं टोक तिनं माझ्या ओठांशी आणलं. दुसरं टोक उचलून, थोडं थबकून, तिनं स्वतःच्या डाव्या कानामागं टेकवलं. "बोला," ती म्हणाली. "कायबी बोला."

मी नुसते ओठ हलवले. आवाज केलाच नाही.

त्या घडीला तो माझा मुकेपणा मला दया वाटला. ऐकू आलं नाही, तर डाव्या बाजूनं जमत नव्हतंच, असं तिला वाटेल. आपण त्या दुपारी त्याचा हात परतवला, त्यानं काही फरक पडला नसता, असं समजून सुखानं राहील बिचारी. असं मी स्वतःला बजावलं, माझ्या नेहमीच्या पद्धतीनं, दोन शब्दांत. पण दया कसली, भीती होती ती. माझे दात थडथड वाजत होते. रंगनाथच्या दातांनी पडलेल्या खाचांत माझे दात बसले होते आणि ते माझ्या हुकमात राहत नव्हते. लाकडावर तो बारीक, कोरडा आवाज होत होता, होतच होता. ती ऐकत होती. डोळे मिटून, चेहरा प्रथमच डावीकडे कलवून, ती कितीतरी वेळ ऐकत राहिली.

मग तिनं दांडी हळूच माझ्या तोंडातून काढून घेतली, पदरानं पुसली, रुमालात बांधली. यंत्र खुंटीवर चढवलं. मला ओरडली नाही, रडली नाही. खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "असू द्या बाई. येते." दारापर्यंत जाताना ती भिंतीला धरून चालली, तशी ती कधी चालत नसे.

पुढं ती आली नाही. मी तिच्या वाडीला जाऊन यायला हवं होतं. गेले नाही, आणि का गेले नाही याचं उत्तर आता देत बसण्यात अर्थ नाही. डॉक्टर थकले, इस्पितळ बंद झालं, माझी नोकरी सरली. आता दुपारच्या वेळी, घरात कोणी नसताना, मी कधी कधी माझ्या डाव्या कानामागं बोट टेकवते. तिथं फक्त माझ्याच नाडीचा ठोका लागतो. हाड धरायला चार महिने घेतं, असं डॉक्टर म्हणायचे. एकदा धरलं की मात्र सोडत नाही. रंगनाथ त्या दुपारी काय सांगणार होता, कांद्याचा भाव की आणखी काही, ते कुणालाच कधी कळणार नाही, आणि इतकी वर्षं झाली तरी मी ते ऐकायला थांबले आहे.